वरची बाजू झिजलेली

पहाटे साडेचारला लाल गाडी शाळेपुढं लागली.
सदतीस मुलं, सदतीस संमतिपत्रं,
त्यातल्या नऊंवर अंगठे;
मी, कुंभारे मॅडम,
आणि खिचडी शिजवणारी बयनाबाई शहारे,
कारण एक जागा उरली होती
आणि पुऱ्यांचा डबा तिच्याशिवाय कुणाला उचलत नव्हता.

भिवापूरपर्यंत गाणी.
उमरेडला कोळशाचे डोंगर दिसले
तेव्हा भूमेश्वर ओकला, मग त्याच्या शेजारचा,
मग लिंबाची साल मागच्या बाकापर्यंत फिरत गेली.
"गुरुजी, नागपूर उपराजधानी, म्हंजे का जी?"
मी समजावायला लागलो.
"उपसरपंचावानी," मागून बयनाबाई,
"खुर्ची हाये, सही नाई."

विधानभवन फाटकातून पाहिलं.
पहारेकऱ्यानं विचारलं, कुठले?
गाव सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं.
शून्य मैलाच्या खांबापाशी
दगडी घोडे मोजले, चार.
पल्लवी पाय जुळवून उभी राहिली.
"इथून आपलं घर किती?"
"ब्याऐंशी," मी म्हणालो, अंदाजानं.
ती एक पाऊल सरकली. "आता?"

अजब बंगल्यात पेंढा भरलेल्या वाघापुढं
कुणी फार थांबलं नाही.
पोळ्याच्या आधी जिवंत बघितला होता
ढोमण्यांच्या तुरीच्या धुऱ्यावर.
"याचे डोळे कंच्याचे हायेत," भूमेश्वर म्हणाला,
आणि पंख्याखाली जाऊन बसला.

दगडांच्या दालनात
हजेरी मोजली तर एक कमी.
मुलं पुरी होती.

बयनाबाई एका कोपऱ्यात उभी,
डोक्यावरचा पदर नीट करत,
जसा ओळखीच्या घरी गेल्यावर करतात.
"हा आमचा गोटा हाये, गुरुजी."

मी पाटी वाचली.
स्तंभाचा तुकडा. वालुकाश्म.
खालच्या बाजूस अक्षरं, चार ओळी.
प्राप्तिस्थान: वैनगंगा खोरे.
वरची बाजू नैसर्गिकरीत्या झिजलेली.

"अठरा वर्सं लुगडे आपटले याच्यावर.
माह्या आधी माही सासू.
हा खड्डा पाहा, डाव्या अंगाला जास्त,
ते डावखोरी होती."
तिनं कडेची खाच दाखवली,
तिथं विळा घासायची.
ती रोवण्याला गेली होती भिवापूरकडं
तेव्हा ट्रॅक्टर आला, पाच माणसं आली,
गोटा पालथा केला, पंचनामा झाला.
परतल्यावर घाटावर ओला चौकोन,
त्यात दोन खेकडे.

तिनं दोरीवरून हात घातला,
तळवा बरोब्बर खळग्यात बसला.
शिटी वाजली.
"बाई, हात लावू नका, खराब होते."
तिनं हात काढला, पदराला पुसला.
मग हसायला लागली,
इतकी की मॅडमना वाटलं रडते आहे.

मी पाटी पुन्हा वाचली.
"नैसर्गिकरीत्या" हा शब्द
मी सहावीला शिकवतो, वारा आणि पाणी या धड्यात.

येताना मुलं झोपली.
कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर, लाळेचे नकाशे.
कुहीच्या फाट्यावर बयनाबाईनं विचारलं,
"खाली का लिवलं होतं, समजलं का त्याहिले?"
मी म्हणालो, दान दिल्याचं काही असेल,
राजाबिजाचं.
"कोनाले?"
मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या आधी
शाळेमागं पोरांचा घोळका.
बयनाबाईनं चुलीचे तिन्ही गोटे उलटे केले होते
आणि पदरानं काजळी पुसत होती,
एकेक करून, उजेडाकडं धरून.
पल्लवी बोटानं चाचपत होती, काही लागतं का.
काही नव्हतं.
एकावर फक्त गोगलगाईची वाळलेली वाट.
तिनं ते परत मांडले, तसेच,
फक्त एक जरा फिरवून.

खिचडी पाऊण तास उशिरा शिजली.
नोंदवहीत कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं: लाकूड ओलं.